मेंदूची घडण : जनुकांवर नियंत्रण ठेवणारी प्रथिने आणि वेळेचे महत्त्व

यकृतातील पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांच्यातील डीएनए एकच असतो. तरीही यकृताची पेशी पित्तरस तयार करते आणि चेतापेशी विद्युत्‌संदेश वाहून नेते. हा फरक जनुकांच्या यादीतून येत नाही. त्या यादीतील कोणती जनुके, केव्हा आणि किती प्रमाणात वापरात आणली जातात, यातून तो निर्माण होतो. हा निर्णय घडवून आणणाऱ्या प्रथिनांना जनुकनियामक प्रथिने म्हणतात. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर हे त्यांच्यातील सर्वांत मोठ्या गटाचे शास्त्रीय नाव आहे. मानवामध्ये प्रथिने तयार करण्याचे आदेश असलेली सुमारे २०,००० जनुके आहेत आणि त्यांपैकी सुमारे १,६०० जनुके केवळ अशा नियामकांसाठी राखलेली आहेत. दर बारा-तेरा जनुकांमागे एक जनुक इतरांवर देखरेख ठेवण्याच्या कामी गुंतलेले आहे, असा याचा अर्थ होतो.

मेंदूच्या बाबतीत ही देखरेख विशेष नाजूक ठरते. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या असंख्य प्रकारच्या असतात. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात दिसू लागणाऱ्या पेशींच्या एका सपाट पट्टीपासून हा सारा पसारा उभा राहतो. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ती पट्टी गुंडाळली जाऊन तिची नळी होते. अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे तोवर कळलेलेही नसते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कोणती पेशी काय होणार, हे नियामक प्रथिनांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असते. त्यांपैकी एखादे कमी पडले, जास्त झाले किंवा वेळ चुकवून आले, तर त्याचे परिणाम मुलाला जन्मभर भोगावे लागू शकतात. घडणीत झालेली चूक नंतर दुरुस्त करता येते काय, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. कोणते प्रथिन आणि कोणती वेळ, यावर ते ठरते.

प्रथिने जनुकांना कशी चालवतात?

एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर तो सुमारे दोन मीटर लांब भरेल. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून तो पेशीच्या केंद्रकात बसवलेला असतो. घट्ट गुंडाळलेल्या भागातील जनुके वाचता येत नाहीत, सैल भागातील वाचता येतात. नियामक प्रथिन डीएनएवरील अक्षरांचा एक विशिष्ट छोटा क्रम ओळखून तेथे चिकटते. त्यानंतर ते जनुकाचे वाचन करणाऱ्या यंत्रणेला तेथे बोलावते किंवा तिला अडवते. काही नियामक प्रथिने डीएनएची गुंडाळी घट्ट वा सैल करणाऱ्या इतर प्रथिनांना सोबत आणतात.

जनुकांचे वाचन चालू-बंद करणारी स्वतंत्र व्यवस्था असते, ही कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये आतड्यातील जिवाणूंवरील प्रयोगांतून मांडली. १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूला दुधातील साखर मिळाली की ती पचवणारी जनुके जागी होतात, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. परंतु तेच तत्त्व कितीतरी अधिक गुंतागुंतीच्या रूपात मेंदूतही लागू पडते, हे पुढील दशकांत स्पष्ट झाले.

या प्रथिनांच्या सामर्थ्याचे दोन पुरावे प्रसिद्ध आहेत. स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये फळमाशीच्या पायांवर, पंखांवर आणि शृंगिकांवर डोळे उगवून दाखवले. त्यासाठी त्यांनी ‘आयलेस’ हे एकच नियामक जनुक भलत्या जागी कार्यान्वित केले होते. त्याच जनुकाचा उंदरातील भाऊबंद असलेले ‘पॅक्स६’ वापरले, तरीही माशीला डोळेच आले, आणि तेही माशीचेच. दुसरा पुरावा २०१० मधील. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशींना अवघी तीन नियामक प्रथिने पुरवण्यात आली आणि त्या पेशी थेट चेतापेशींमध्ये रूपांतरित झाल्या.

मुंबईतील शोध : एकच प्रथिन, तीन कामे

नियामक प्रथिन मेंदूचा नकाशा कसा आखते, याचे एक ठळक उदाहरण मुंबईतून आले आहे. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे आणि त्यांचे सहकारी ‘एलएचएक्स२’ या प्रथिनाचा दीर्घकाळ अभ्यास करीत आहेत.

या प्रथिनाची वंशावळ रंजक आहे. फळमाशीतील त्याच्या समकक्ष जनुकाचे नाव ‘ॲप्टेरस’, म्हणजे ‘पंखहीन’, असे आहे. ते बिघडले तर माशीला पंख येत नाहीत. पंखाची वरची बाजू कोणती हे ठरवणे, हे त्या जनुकाचे काम. ॲप्टेरस बिघडलेल्या माशीला मानवी एलएचएक्स२ पुरवले तर तिची उणीव भरून निघते, असे १९९९ मध्ये दाखवण्यात आले. माशीचा पंख आणि माणसाचा मेंदू यांच्यात दिसण्यापुरतेही साम्य नाही. तरीही दोन्हीकडे निवडीचे काम करणारे प्रथिन मूलतः तेच आहे.

उंदराच्या गर्भात एलएचएक्स२ अजिबात नसेल, तर डोळे तयार होत नाहीत आणि मेंदूचा पुढचा भाग खुरटतो, हे १९९७ पासून माहीत होते. मात्र खुरटलेल्या भागाच्या जागी नेमके काय तयार होते, हे समजण्यासाठी अधिक बारकाईचा प्रयोग आवश्यक होता. मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या, आतल्या कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिला ‘हेम’ म्हणतात. कपड्याच्या दुमडून शिवलेल्या काठाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच हा. या पट्टीत एलएचएक्स२ नसते, तर तिच्या शेजारच्या बाह्यकात ते भरपूर असते. टोळे यांच्या प्रयोगशाळेने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांसह केलेले काम २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात काही पेशींमध्ये एलएचएक्स२ असलेले आणि काहींमध्ये नसलेले, असे मिश्र पेशींचे उंदराचे गर्भ अभ्यासण्यात आले.

जेथे प्रथिन नव्हते, त्या आतल्या भागातील पेशींचे ठिपके हेम बनले. आश्चर्य पुढेच होते. या प्रत्येक भलत्या हेमच्या शेजारी असलेल्या निरोगी पेशींनी हिप्पोकॅम्पसचे रूप घेतले. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीसाठी आवश्यक असलेला भाग एरवी प्रत्येक गोलार्धात एकाच ठराविक जागी असतो. येथे त्याची अनेक क्षेत्रे तयार झाली. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली म्हणजे, ‘तू बाह्यक हो, हेम होऊ नकोस’ हा आदेश एलएचएक्स२ देते. दुसरी म्हणजे, हेम ही केवळ कड नसून शेजाऱ्यांना हिप्पोकॅम्पस घडवण्यास सांगणारे केंद्र आहे.

अशा केंद्राला जीवशास्त्रात ‘संघटक’ म्हणतात. जर्मनीतील हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणावर पहिला संघटक दाखवला होता. भ्रूणाचा छोटासा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर बसवला असता तेथे आसपासच्या पेशींतून दुसरे शरीरच आकार घेऊ लागले. श्पेमान यांना १९३५ चे नोबेल मिळाले. मांगोल्ड यांचे निधन शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी झाले होते. सस्तन प्राण्याच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा संघटक दाखवून देणारे मुंबईतील काम याच परंपरेतील आहे. टोळे यांना २०१० मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

यातील खरी मेख वेळेची आहे. उंदराचा गर्भकाळ १९ ते २० दिवसांचा असतो. त्यातील साडेदहाव्या दिवसाच्या आसपास, चेतापेशींची निर्मिती सुरू होण्यापूर्वीच, ‘बाह्यक की हेम’ हा निर्णय पक्का होतो. त्यानंतर एलएचएक्स२ काढून घेतले तर पेशी हेम होत नाहीत. मात्र काम संपलेले नसते. त्या टप्प्यावर प्रथिन काढले तर सहा थरांच्या नव्या बाह्यकाऐवजी गंधज्ञानाशी निगडित असलेल्या जुन्या धाटणीच्या बाह्यकाची लक्षणे दिसू लागतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. आणखी काही दिवसांनी हेच प्रथिन तिसरे काम करते. वाढत्या हिप्पोकॅम्पसमधील जनक पेशींनी चेतापेशी तयार कराव्यात की त्यांना आधार देणाऱ्या ताराकृती पेशी, हे ते ठरवते. ते काढून घेतल्यास ताराकृती पेशी वेळेआधीच तयार होऊ लागतात आणि अधिक पुरवल्यास चेतापेशींची निर्मिती लांबते, हे टोळे यांच्याच गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

म्हणून ‘अमुक जनुक अमुक गोष्टीसाठी’ ही मांडणी नियामकांच्या बाबतीत फसवी ठरते. साडेनवव्या दिवशीचे एलएचएक्स२ आणि पंधराव्या दिवशीचे एलएचएक्स२ रासायनिकदृष्ट्या एकच आहे. परंतु पेशीतील इतर प्रथिनांची संगत आणि डीएनएची गुंडाळी बदललेली असल्याने त्याचे काम बदलते. पहिली संधी हुकली, तर नंतर प्रथिन कितीही पुरवून ती परत मिळत नाही.

प्रमाणाचा प्रश्न आणि ‘भाषेचे जनुक’

वेळेइतकेच प्रमाणही महत्त्वाचे असते. उंदराच्या वाढत्या बाह्यकात ‘पॅक्स६’ पुढच्या बाजूला अधिक आणि मागे कमी असते. ‘ईएमएक्स२’ याच्या उलट. पेशी आपली जागा या दोहोंच्या प्रमाणावरून ओळखतात. ईएमएक्स२ नसलेल्या उंदरांत मागचे दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि पुढची क्षेत्रे पसरतात, असे २००० मध्ये आढळले. माणसात पॅक्स६ च्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी डोळ्यातील बुबुळाचा रंगीत पडदा तयार होत नाही किंवा अपुरा राहतो. निम्मे प्रथिन पुरेसे ठरत नाही. जनक पेशींतून बाहेर पडलेल्या चेतापेशींचे प्रकारही असेच ठरतात. ‘फेझएफ२’ नसेल, तर मेंदूकडून मेरुरज्जूकडे जाणारा आणि स्नायूंच्या हालचालींसाठी लागणारा तंतुमार्ग तयारच होत नाही.

प्रसारमाध्यमांत सर्वाधिक गाजलेले नियामक मात्र ‘फॉक्सपी२’ आहे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना उच्चार जुळवणे अवघड जात होते. त्यांच्यात या जनुकातील एका अक्षराचा बदल असल्याचे २००१ मध्ये उघड झाले आणि ‘भाषेचे जनुक सापडले’ अशा बातम्या जगभर झळकल्या. आमच्या व्यवसायाला हा मोह नेहमीच आवरत नाही. प्रत्यक्षात फॉक्सपी२ उंदरात आहे, पक्ष्यांतही आहे, आणि ते फुप्फुसांतही कार्य करते. झेब्रा फिंच या पक्ष्याच्या पिलाच्या मेंदूत त्याचे प्रमाण कमी केल्यास पिलू मोठ्या पक्ष्याचे गाणे अचूक उचलू शकत नाही, असे २००७ मध्ये आढळले. ऐकून शिकणे आणि तोंडाच्या हालचाली जुळवणे यांसाठी लागणाऱ्या मंडलांच्या घडणीत ते भाग घेते. भाषा एकट्या त्याच्यातून निर्माण होत नाही.

रेट सिंड्रोम : बांधणी नव्हे, देखभाल

ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ आंद्रेयास रेट यांनी १९६६ मध्ये काही मुलींचे वर्णन प्रसिद्ध केले. या मुली सतत हात चोळत असत. जन्मानंतर पहिले सहा ते अठरा महिने त्यांची वाढ सर्वसाधारण दिसली होती. मग शिकलेले शब्द गेले, हातात वस्तू धरणे गेले, चालणे डळमळीत झाले. श्वासाची लय बिघडली, अनेकींना आकडी येऊ लागली. रेट यांचे लेखन जर्मनमध्ये असल्याने ते दुर्लक्षित राहिले. १९८३ मध्ये स्वीडनचे बेंग्ट हागबेरी आणि सहकाऱ्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केल्यावर वैद्यकजगताने या विकाराची दखल घेतली. सुमारे १०,००० मुलींमागे एकीला तो होतो.

१९९९ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथील हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने त्याचे कारण शोधले. ‘एमईसीपी२’ या नियामक प्रथिनाच्या जनुकातील बिघाड, हे ते कारण. हे प्रथिन १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्कॉटलंडमध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने ओळखले होते. डीएनएवर मिथाइल हा छोटा रासायनिक गट जेथे जोडलेला असतो, तेथे ते चिकटते आणि जनुकांचे वाचन आवरते. एलएचएक्स२ प्रमाणे ते एखाद्या ठराविक दिवशी मोठा निर्णय घेत नाही. चेतापेशी तयार होऊन परिपक्व होऊ लागली की ते मोठ्या प्रमाणात जमा होते आणि हजारो जनुकांचा आवाज योग्य पातळीवर ठेवते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलींमध्ये दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निद्रिस्त केला जातो. त्यामुळे रेट असलेल्या मुलीच्या मेंदूत काही पेशी निरोगी प्रत वापरतात, तर काही बिघडलेली. मुलग्यांत एकच एक्स असल्याने बहुधा तान्हेपणीच गंभीर मेंदूविकार दिसतो. बहुसंख्य कुटुंबांत हा बिघाड आई-वडिलांकडून वारशाने आलेला नसतो. तो नव्याने उद्भवतो आणि बहुतांश वेळा वडिलांच्या शुक्रपेशीत. आपल्याकडे अशा मुलीच्या आईला गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहण पाळले होते की नाही, असे प्रश्न विचारले जातात. त्यांचा या विकाराशी कसलाही संबंध नाही.

बर्ड यांच्या एडिनबरा येथील गटाने २००७ मध्ये केलेला प्रयोग या क्षेत्राला कलाटणी देणारा ठरला. त्यांनी एमईसीपी२ जनुक कुलूपबंद केलेले उंदीर तयार केले. विशिष्ट औषध दिल्यावर ते कुलूप उघडत असे. उंदरांत श्वास, चाल आणि कंप यांची लक्षणे दिसू लागल्यानंतर, काहींच्या बाबतीत तर ते प्रौढ आणि गंभीर आजारी झाल्यानंतर, जनुक चालू करण्यात आले. लक्षणे मोठ्या प्रमाणात मागे गेली. मेंदूच्या घडणीतील विकार एकदा झाला की कायमचा, ही समजूत निदान या विकारापुरती तरी मोडली गेली. याची दुसरी बाजू झोग्बी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवली : निरोगी वाढलेल्या प्रौढ उंदरांतून हे प्रथिन काढून घेतले, तर त्यांच्यातही रेटसारखी लक्षणे उमटतात. मेंदूला ते केवळ वाढीच्या वयात नव्हे, तर आयुष्यभर लागते, आणि म्हणूनच उशिरा पुरवले तरी उपयोगी पडते.

मग माणसात ते का पुरवले जात नाही? अडचण पुन्हा प्रमाणाची आहे. एमईसीपी२ ची एक प्रत जास्त असलेल्या मुलग्यांत वेगळा पण तितकाच गंभीर विकार होतो. स्नायू ढिले पडतात, बोलणे येत नाही, वारंवार जंतुसंसर्ग होतो. २००७ च्या प्रयोगातही जनुक एकाएकी चालू केलेल्या काही उंदरांचा मृत्यू झाला होता. हळूहळू चालू केलेले बरे झाले. जनुकोपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत निरोगी प्रत मेंदूत पोहोचवतात. परंतु मेंदूत निरोगी पेशीही असतात आणि त्यांना दुसरी मात्रा मिळणे धोक्याचे असते. त्यामुळे सध्या अमेरिकेत सुरू असलेल्या मानवी चाचण्यांत प्रथिनाचे प्रमाण मर्यादेत राखणारी व्यवस्था जनुकासोबतच जोडलेली असते. २०२४ मध्ये यांपैकी एका चाचणीत विषाणूवाहकाची मोठी मात्रा दिलेल्या एका रुग्णाचा तीव्र दाहानंतर मृत्यू झाला आणि ती मात्रा बंद करण्यात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये या विकारासाठी ‘ट्रोफिनेटाइड’ या पहिल्या औषधाला मान्यता दिली आहे. ते लक्षणे काही प्रमाणात कमी करते. मूळ बिघाड दुरुस्त करत नाही. अतिसार हा त्याचा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम असून औषधाची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे.

मिठातील आयोडीन आणि थायरॉईडचे ग्राहक प्रथिन

नियामक प्रथिनांचा विषय दुर्मीळ विकारांपुरताच असता, तर तो प्रयोगशाळेत आणि मोजक्या रुग्णालयांत राहिला असता. तसे नाही. काही नियामक प्रथिने शरीरातील संप्रेरके किंवा आहारातील घटक स्वतःशी जोडले गेल्यावरच काम बदलतात. थायरॉईड संप्रेरकाचे ग्राहक प्रथिन हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे.

हे ग्राहक प्रथिन संप्रेरक नसतानाही डीएनएवर बसलेले असते आणि चेतापेशींच्या वाढीची काही जनुके दाबून धरते. संप्रेरक आले की तेच प्रथिन त्या जनुकांना चालना देते. त्यामुळे संप्रेरकाचा अभाव म्हणजे केवळ आदेश न मिळणे नव्हे. उलट आदेश चालू राहणे होय. २००२ मध्ये युरोपीय संशोधकांनी उंदरांच्या अनुमस्तिष्कात याची प्रचिती दिली : संप्रेरक कमी असताना बिघडणारी रचना, ग्राहक प्रथिनाचा एक प्रकारच काढून टाकल्यावर बिघडली नाही.

थायरॉईड संप्रेरक आयोडीनपासून तयार होते. गर्भाची स्वतःची ग्रंथी गर्भारपणाच्या साधारण मध्यापर्यंत पुरेसे संप्रेरक बनवू शकत नाही. तोवर सारी भिस्त आईवर असते. आईला आयोडीनची तीव्र कमतरता असेल, तर मूल बहिरेपणा, ताठर स्नायू आणि बौद्धिक अक्षमता घेऊन जन्मू शकते. पापुआ न्यू गिनीतील १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्त्रियांना आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने देण्यात आली होती. उपचार मिळालेल्या गटात तरीही अशी सात मुले जन्मली. त्यांपैकी सहा मुलांच्या आया इंजेक्शन घेतेवेळी आधीच गरोदर होत्या. काही आठवड्यांचा उशीरही भोवला होता.

भारताचा या इतिहासात मोठा वाटा आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशात, तीन विभागांचा अभ्यास केला. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एकाला साधे मीठ पुरवण्यात आले. आयोडीन मिळालेल्या विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. साध्या मिठाच्या विभागात घटले नाही. पुढे तेथेही आयोडीनयुक्त मीठ दिल्यावर ते उतरले. याच आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० मध्ये उठवण्यात आली होती. २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. उत्पादनस्थळी मिठात दशलक्ष भागांमागे ३० भाग आणि ग्राहकाच्या हाती पोहोचेपर्यंत किमान १५ भाग आयोडीन असणे अपेक्षित आहे. सध्या शहरांत आरोग्यदायी म्हणून सैंधव वापरण्याची चाल पडली आहे. त्यात आयोडीन मिसळलेले नसेल, तर गरोदर स्त्रीने केवळ त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भारपणात २५० मायक्रोग्रॅम आयोडीन आवश्यक असते.

याच कुळातील आणखी एक ग्राहक प्रथिन अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाला जोडले जाते आणि मेंदूच्या मागच्या भागाची आखणी करणाऱ्या जनुकांना चालवते. येथे अतिरेक घातक ठरतो. मुरमांसाठी दिले जाणारे ‘आयसोट्रेटिनॉइन’ हे औषध याच मार्गाने गर्भाचा मेंदू, कान आणि हृदय यांत गंभीर दोष निर्माण करू शकते. म्हणून गरोदर स्त्रीला ते देण्यास सक्त मनाई असते आणि औषध सुरू असताना गर्भधारणा टाळणे बंधनकारक मानले जाते. वैद्यकीय सल्ल्याविना दुकानातून घेऊन वापरण्याचे हे औषध नव्हे.

काही बाळांत थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नसते किंवा नीट काम करत नाही. जगात साधारणपणे दर दोन ते चार हजार जन्मांमागे असे एक बाळ असते. भारतातील प्रमाण याहून अधिक असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. गर्भात असताना आईच्या संप्रेरकाने या बाळांना बरेच संरक्षण दिलेले असते, त्यामुळे जन्मतः ती बहुधा निरोगी दिसतात आणि नुकसान पुढील आठवड्यांत होऊ लागते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून निदान होते. नाळेतील रक्तावरूनही तपासणी करता येते. गोवा, चंडीगड आणि केरळ येथे सरकारी पातळीवर अशा तपासण्या राबवण्यात आल्या आहेत. मात्र देशभर ती प्रत्येक प्रसूतीनंतर आपोआप होत नाही, त्यामुळे पालकांनी रुग्णालयात विचारणा करणे इष्ट ठरते.

निदान झाल्यास थायरॉक्सिनची गोळी पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू करावी, असे तज्ज्ञ सांगतात. तेवढ्या वेळेत उपचार मिळालेल्या बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखी होते. गोळी चुरडून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून चमच्याने दिली जाते. सोयाबीनयुक्त दूध तसेच लोह आणि कॅल्शियमची औषधे तिचे शोषण कमी करत असल्याने ती तिच्यासोबत देऊ नयेत.